कृत्रिम पर्जन्य व नदीजलवृद्धी (विदर्भ)

ढगांत बाहेरून सूक्ष्म कण सोडून पाऊस वाढवणे व त्यायोगे नदीचा, पर्यायाने धरणाचा, येवा (आत येणारे पाणी) वाढवणे या हेतूने आखली जाणारी शासकीय योजना. 'मेघबीजन' व 'मेघरोपण' हे शब्द याच अर्थी येतात.

अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी १९४६ मध्ये विमानातून कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकून ढगात हिमकण घडवले. भारतातील आरंभाविषयी एकवाक्यता नाही. टाटा उद्योगसमूहाने १९५१ च्या सुमारास पश्चिम घाटात जमिनीवरील जनित्रांतून (कण हवेत सोडणाऱ्या यंत्रांतून) सिल्व्हर आयोडाइड सोडले, हा पहिला प्रयत्न मानण्याकडे कल आहे. काही अभ्यासक तो मान हवामानशास्त्रज्ञ सुधांशुकुमार बॅनर्जी यांच्या कोलकात्यातील फुग्यांच्या प्रयोगांना (सु. १९५२) देतात. कालक्रम पहिल्या मताच्या बाजूने आहे. मात्र पडताळणीच्या दृष्टीने दोन्हींपेक्षा बारामतीचा प्रयोग महत्त्वाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील ११ पावसाळ्यांत तेथे विमानातून मिठाची पूड फवारली. क्षेत्राचे उत्तर, दक्षिण व मधला राखीव असे तीन पट्टे पाडले होते. त्या दिवशी कोणत्या बाजूला फवारायचे ते यादृच्छिक निवडीने ठरे. वाढ सुमारे २४ टक्के आढळली.

ढगातील थेंबाची त्रिज्या साधारण १० मायक्रॉन (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. मिठाचे कण बाष्प ओढून मोठे होतात, इतर थेंबांवर आदळून त्यांना सामावून घेतात. सिल्व्हर आयोडाइडची स्फटिकरचना बर्फाशी जुळती असल्याने ते उणे ५ अंश सेल्सियसखालच्या ढगांत वापरतात. दोन्ही पद्धतींत ढग आधी असावा लागतो.

विदर्भाची अडचण येथेच सुरू होते. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा या नद्यांना पाणी येते ते मुख्यतः बंगालच्या उपसागरातील कमी दाबामुळे लागणाऱ्या झडीने. झड लागली की बीजनाची गरज उरत नाही. खंड पडला की बीजनायोग्य ढग विरळ होतात. शिवाय पाऊस वाढला म्हणजे नदी वाढलीच असे नाही. खंडानंतर काळ्या रानाला पाऊल शिरेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. पहिली मोठी सर त्यांतच मुरते, बांधाला ओल धरते आणि नाला कोरडाच राहतो. कपाशी-सोयाबीनला ती सर उपयोगी असते, पण येव्यात तिची नोंद होत नाही. कोलोरॅडो खोऱ्यात हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साचवण्यासाठी बीजन करतात; तो वितळून नदीत उतरतो. तेथील उदाहरण विदर्भाला जसेच्या तसे लावता येत नाही.

हिशेब असा : १,००० चौ. किमी. पाणलोटात १० मिमी. जादा पाऊस म्हणजे १० दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी. त्यातले एक दशांश वाहून आले असे धरल्यास धरणात १ दलघमी. वरील संस्थेने सोलापूर भागात २०१८ व २०१९ मध्ये २७६ ढगांवर केलेल्या अभ्यासात बीजनस्थळापासून वारा वाहतो त्या दिशेच्या सुमारे १०० चौ. किमी. क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. खर्च लिटरला १८ पैसे आला. हा दर पडलेल्या पावसाचा आहे. वरील प्रमाणाने धरणात आलेल्या पाण्याचा दर लिटरला १ रुपया ८० पैसे होईल. योजनापत्रांत हे दोन दर वेगळे मांडणे इष्ट.

राज्य शासनाने २००३, २०१५ व २०१९ मध्ये विमानाद्वारे प्रयोग केले. २०१९ साठी सुमारे ३० कोटी रुपयांची तरतूद होती. भर मराठवाड्यावर राहिला.

योजना आखताना रडार, विमान व रसायन यांच्यासोबत महसूल मंडळनिहाय पर्जन्यमापक, बीजन न केलेले तुलनाक्षेत्र व पूरस्थितीत उड्डाण थांबवण्याचे निकष अपेक्षित असतात. यांपैकी तुलनाक्षेत्र बहुधा पहिले गळते, कारण दुष्काळात निम्मे तालुके मुद्दाम वगळणे कोणत्याही शासनाला अवघड जाते.

धोंडी काढणे, बेडकाचे लग्न लावणे हे पर्जन्ययाचनेचे लोकाचार विदर्भात आढळतात. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी ही भाकिताची प्रथा असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही.