आच वाढवली म्हणजे काजू बी लवकर वाळते का?

कोकणात काजूचा हंगाम मे महिन्यात सरत येतो, तेव्हा शेवटच्या तोडणीची बी हमखास वळवाच्या पावसात सापडते. अंगणातले वाळवण घाईने पडवीत येते आणि ‘चुलीची धग लावा’ हा सल्ला मिळतो. त्यामागची समजूत अर्धीच खरी आहे.

16 टक्के ओलाव्याची 100 किलो बी 8 टक्क्यांवर आणायची, तर सुमारे 8.7 किलो पाणी घालवावे लागते. एक किलो पाण्याची वाफ करण्यास साधारण 2400 किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे एकूण खर्च 5.8 युनिट विजेएवढा. प्रत्यक्षात ड्रायर याहून बरीच जास्त ऊर्जा खातो, कारण तापवलेली हवा पुरती न वापरताच बाहेर सोडली जाते.

पाणी वाहून नेते ती हवा. 30 अंश सेल्सिअसला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त 30 ग्रॅम वाफ मावते, 40 अंशांना 51 ग्रॅम. त्यामुळे 90 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा 30 वरून 40 अंशांवर नेली, की तिच्यातली वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता 52 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि एरवी रात्रभर पंखा लावूनही न हटणारा ओलावा ती ओढू लागते. हे दहा अंश काळा रंग दिलेला पत्रा आणि प्लास्टिकचे छत एवढ्यावर, ऊन असताना, फुकट मिळतात.

पृष्ठभाग कोरडा झाल्यावर मात्र गाठ टरफलाशी असते. आतले पाणी विसरणाने सावकाश बाहेर येते. तेव्हा जोराचा वारा घालणे निव्वळ उधळपट्टी ठरते. पंखा मंद करावा, बाहेर पडणाऱ्या हवेपैकी बरीचशी पुन्हा आत वळवावी आणि मधूनमधून काही तास बी झाकून ठेवावी, म्हणजे गाभ्यातला ओलावा वर सरकतो. पावसाळी दिवसांत उष्मापंपाचा ड्रायर उपयोगी पडतो: तो दमट हवा थंड करून तिच्यातले पाणी गाळतो आणि वाफेचे पाणी होताना सुटलेली उष्णता त्याच हवेला परत देतो. एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळू शकते. ‘वीजखर्च शून्य’ अशा जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नये; उष्मापंपाचा कॉम्प्रेसर विजेवरच चालतो.

थांबायचे कधी, हेही ऊर्जेचेच गणित आहे. वाळलेली बी फरशीवर टाकल्यास खणखणते, पण 8 आणि 6 टक्क्यांतला फरक कानाला कळत नाही. त्या दोन टक्क्यांपायी इंधन जातेच, शिवाय 100 किलोमागे जवळपास दोन किलो वजन विक्रीआधीच घटते. म्हणून ओलावामापक वापरणे परवडते.