बेस स्पीकरचा किती, खोलीचा किती?

घरात खिडकीच्या काचा थरथरवणारा सबवूफर, म्हणजे बेस (सर्वांत खालचे स्वर) वाजवणारा स्पीकर, उघड्या मैदानात लावला की पहिली शंका येते ती बिघाडाची. वायर उलटी लागली का, अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतोय का, अशी तपासणी सुरू होते. बहुतेक वेळा सबवूफर ठणठणीत असतो. त्याच्याभोवतीच्या भिंती तेवढ्या गेलेल्या असतात.

सगळं येऊन ठेपतं ते तरंगलांबीवर, म्हणजे आवाजाच्या एका पूर्ण लहरीच्या लांबीवर. २० अंश सेल्सिअसला आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १००० हर्ट्झची (सेकंदाला १००० कंपनांची) लहर जेमतेम ३४ सेंटिमीटरची, पण ४० हर्ट्झची साडेआठ मीटरची. घरातल्या बहुतेक खोल्यांत ती पूर्ण मावतच नाही.

मैदानात ती पसरत जाते आणि जमिनीखेरीज कुठूनही परत येत नाही. अंतर दुप्पट झालं की पातळी ६ डेसिबलने उतरते. १ मीटरवर १०० डेसिबल असेल, तर १६ मीटरवर ७६ उरतात. त्यात आपला कान खालच्या स्वरांना मंद. ४० हर्ट्झ नुसतं ऐकू यायलाच साधारण ५० डेसिबल लागतात, म्हणून मधल्या स्वरांपेक्षा बेसच आधी हरवल्यासारखा वाटतो. जे काही पोचतं ते मात्र स्वच्छ असतं. ड्रमचा ठोका ‘ठप’ असा येतो आणि तिथेच थांबतो.

मैदानातली नेहमीची चूक म्हणजे स्टेजच्या दोन टोकांना एकेक सबवूफर. मधोमध उभ्या माणसाला दोन्हींचा आवाज एकाच वेळी मिळतो. तो बाजूला सरकला आणि दोन्हींच्या अंतरांत ४.३ मीटरचा फरक पडला, की ४० हर्ट्झच्या दोन लहरी उलट्या भेटून एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. चालत गेलं तर बेस येतो-जातो तो यामुळेच. दोन्ही पेट्या जमिनीवर एकत्र ठेवाव्यात. सबवूफर १०० हर्ट्झपर्यंत वाजत असेल तर दोघांत १.७ मीटरपेक्षा कमी अंतर हवं, आणि तेही जितकं कमी तितकं बरं. एकाच्या जागी असे दोन ठेवले की पातळी जवळपास ६ डेसिबलने वाढते.

बंद खोलीत लहर भिंतीवर आपटून परतते आणि येणाऱ्या लहरीत मिसळते. खोलीची लांबी लहरीच्या निम्म्याइतकी असली की स्थिर तरंग, म्हणजे जागच्या जागी राहणारी लहर, उभा राहतो. ५ मीटर लांबीला तो ३४ हर्ट्झवर, नंतर ६९ वर. ३४ हर्ट्झचा दाब दोन्ही भिंतींशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. ६९ चा मात्र मध्यावर पुन्हा भरपूर. म्हणून खोलीच्या मधोमध खुर्ची टाकणाऱ्याला एक स्वर गायब आणि दुसरा अंगावर येणारा, असा प्रकार मिळतो. खुर्ची अर्धा-पाऊण मीटर पुढेमागे केली तरी चित्र बदलतं. कुठलीही उपकरणं घेण्याआधी हे करून पाहाच. आणखी एक खूण म्हणजे ठोका संपल्यावरही तो स्वर खोलीत घुमत राहतो, ‘ठप’चं ‘धूम्म’ होतं.

सबवूफरची जागा शोधायची रीत उलटी आहे, आणि ती चालते, कारण सबवूफर आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधला परिणाम तोच राहतो. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी, खुर्चीवरच ठेवा. ३० ते ८० हर्ट्झ सावकाश चढत जाणारा टोन लावा. मग भिंतीकडेने, डोकं जमिनीजवळ ठेवून, दर अर्ध्या मीटरवर थांबून ऐका. जिथे सगळे स्वर त्यातल्या त्यात सारखे वाटतील, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा मिळेल, कारण कोपरा खोलीचे सगळेच स्थिर तरंग जागे करतो. मोठा म्हणजे चांगला नव्हे.

इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने, फुगलेला स्वर खाली आणता येतो, गायब झालेला आणता येत नाही. १० डेसिबल वाढवायला दसपट वॅट लागतात, आणि तेवढीच जोरकस लहर भिंतीवरून परतून पुन्हा तो स्वर पुसते. भिंतीला ५ सेंटिमीटरचा फोम चिकटवूनही बेसला काही होत नाही. असा सच्छिद्र थर हवेची हालचाल रोखून काम करतो. भिंतीला लागून हवा हलतच नाही. ४० हर्ट्झला ती सर्वाधिक हलते ती भिंतीपासून २ मीटरवर. कोपऱ्यांत १५ सेंटिमीटर वा त्याहून जाड रॉकवूल (दगडी तंतूंचा सच्छिद्र थर), मागे हवेची पोकळी सोडून लावलं, तर बेसच्या वरच्या पट्ट्यात फरक पडतो. अगदी खालच्या स्वरांसाठी जागा बदलणं किंवा समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवणं जास्त उपयोगी.

सर्वांत खालच्या स्थिर तरंगाच्याही खाली मात्र खोली मदतीला येते. तिथे लहर धावत नाही, सगळी हवा एकत्र दाबली-सोडली जाते. मोटारीत हे ठळक जाणवतं. छोटा बंद पेटीचा सबवूफरही तिथे अगदी खोल स्वर देतो. काच खाली करा, तो दाब बाहेर निसटतो आणि सर्वांत खालचा स्वर त्याच क्षणी पातळ होतो.