रिसीटमधला मुका ‘पी’

रिसीट लिहिताना ‘पी’ घालावा लागतो, पण तो उच्चारायचा नाही. त्याच कुळातल्या डिसीटमध्ये, म्हणजे फसवणुकीत, तो लिहायचाही नाही. इंग्रजी स्पेलिंगची ही तऱ्हा कळायला लॅटिन शब्द त्या भाषेत कधी आणि कोणत्या वाटेने शिरले ते पाहावं लागतं. लॅटिन ‘कापेरे’ म्हणजे घेणे, पकडणे. रिसीट आणि डिसीटच्या मुळाशी असलेलं हे एकच क्रियापद त्यासाठी पुरेसं आहे.

सर्वांत जुने लॅटिन शब्द वाइन, चीज, स्ट्रीट असे. इंग्रजांचे पूर्वज असलेल्या जर्मानिक टोळ्यांनी ते रोमन लोकांशी व्यवहार करताना, ब्रिटनमध्ये उतरण्याआधीच उचलले होते. ५९७ मध्ये ऑगस्टिन हा मठवासी इंग्लंडच्या केंट भागात ख्रिस्ती धर्मप्रसाराला आला आणि चर्चच्या शब्दांची भर पडली.

खरा लोंढा १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतरचा, आणि तो फ्रेंचमार्गे. लॅटिनमध्ये ‘आ’पूर्वीचा ‘क’ नॉर्मन बोलीत तसाच राहिला, मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा ‘च’ झाला. कापेरेपासून निघालेल्या एकाच शब्दाचे म्हणून इंग्रजीत दोन झाले: कॅच आणि चेस. पर्चेसही त्यातलाच; मूळ अर्थ पाठलाग करून मिळवणे. ‘इ’ आणि ‘ए’पूर्वीचा ‘क’ मात्र फ्रेंचमध्ये ‘स’ झाला, म्हणून रिसीव्हमध्ये ‘स’.

स्वरबदल त्याहून जुना, खुद्द लॅटिनमधला. उपसर्ग लागला की धातूतला ऱ्हस्व ‘अ’ दुबळा होतो: पुढे एकच व्यंजन असेल तर ‘इ’, जोडव्यंजन असेल तर ‘ए’. रेसिपियंट आणि रिसेप्शन हे त्याचे नमुने. फॅक्ट, इफिशियंट, इफेक्ट हीसुद्धा त्याच नियमाची मुलं. रेसिपी म्हणजे लॅटिनमध्ये ‘घे’ ही आज्ञा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ‘आरएक्स’ हे तिचंच संक्षिप्त रूप. आधी औषध, मग स्वयंपाक.

उपसर्गाचं शेवटचं व्यंजनही पुढच्याशी जुळवून घेतं. ‘आद्’ (कडे) आणि कापेरे मिळून ॲक्सेप्ट होतो, ‘द’चा ‘सी’ होऊन दोन ‘सी’ येतात. ‘एक्स’ म्हणजे बाहेर. तो लागला की एक्सेप्ट, म्हणजे वगळून. परीक्षेत या दोघांची गल्लत हटकून होते. उपसर्ग लक्षात ठेवला तर होत नाही.

आता तो ‘पी’. फ्रेंचमार्गे आलेल्या रूपात तो नव्हताच. लॅटिन येणाऱ्या मंडळींनी ‘रेकेप्टा’ हे मूळ लॅटिन रूप आठवून तो लेखनात परत घातला. बोलणाऱ्यांनी दाद दिली नाही. डेट (कर्ज) आणि डाउटमधला ‘बी’ असाच आला. डिसीट आणि कन्सीट या डागडुजीतून सुटले. आयलंडमधला ‘एस’ तर निव्वळ चूक, कारण तो शब्द लॅटिन नाहीच, अस्सल जुना इंग्रजी आहे. आपली ‘रसीद’ही रिसीटची कोणी नव्हे, ती फारसीतून, ‘पोचणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आली.

दिसण्यावरून मूळ ठरवण्यात हाच धोका असतो. हॅव्ह हा शब्द लॅटिन ‘हाबेरे’चा, म्हणजे ‘जवळ असणे’चा, वंशज वाटतो, अर्थही जुळतो. पण जर्मानिक भाषांत मूळ ‘क’चा ‘ह’ होतो: लॅटिन कॉर्नु, इंग्रजी हॉर्न. त्या हिशेबाने हॅव्ह हा कापेरेचा चुलतभाऊ ठरतो. हाबेरेकडून इंग्रजीला मिळाले ते हॅबिट आणि एक्झिबिट.