पार्श्वभूमी: ॲव्हरी ब्रंडेज आणि हौशी खेळाडूचा नियम

पैसे घेऊन खेळणाऱ्याला ऑलिम्पिकमध्ये जागा नाही, हा नियम सर्वांत कडवेपणाने राबवला तो ॲव्हरी ब्रंडेज यांनी. ते मूळचे शिकागोचे सिव्हिल इंजिनिअर. १९०९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पदवी घेऊन ते होलाबर्ड अँड रोश या वास्तुरचनाकारांच्या बांधकामांवर देखरेख करू लागले आणि नोकरी सांभाळून मैदानावर उतरले.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ते पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे पाच प्रकारांच्या स्पर्धेत, सहावे आले. दहा प्रकारांची डेकॅथलॉन आठ प्रकारांनंतर सोडली. दोन्हींत पहिला आला अमेरिकेचाच जिम थॉर्प. १९०९-१० मध्ये त्याने पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचं १९१३ मध्ये उघड झालं आणि त्याची पदकं गेली.

ब्रंडेज यांचा खरा प्रांत अमेरिकेतली 'ऑल-अराउंड' स्पर्धा. १००  यार्ड धाव, गोळाफेक, उंच उडी, ८८० यार्ड चालणे, हातोडाफेक, बांबू उडी, अडथळा शर्यत, ५६ पौंडी वजन फेकणे, लांब उडी आणि एक मैल धाव, हे सगळं एकाच दिवसात. दोन प्रकारांमध्ये जेमतेम पाच मिनिटं. वजन फेकायला अंगात भार लागतो, मैल धावताना तोच भार नडतो. कुठल्या प्रकारात किती दम राखायचा, याचा हिशेब ज्याला जमला तो टिकला. १९१४, १९१६ आणि १९१८ मध्ये ते जिंकले. १९१५ मध्ये स्वतःची बांधकाम कंपनीही काढली.

१९२८ मध्ये ते अमेरिकेच्या हौशी ॲथलेटिक संघटनेचे अध्यक्ष झाले, पाठोपाठ ऑलिम्पिक संघटनेचेही. नाझी राजवटीतल्या १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवर बहिष्कार घालायला त्यांचा विरोध होता. १९३५ च्या डिसेंबरात हा प्रश्न हौशी संघटनेत अवघ्या अडीच मतांनी त्यांच्या बाजूने लागला. जर्मनीतल्या ज्यूंच्या छळाकडे त्यांनी तेव्हा काणाडोळा केला, हा डाग पुसला जाणारा नाही.

१९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांची आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षपदी निवड झाली. त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. नियमाचा जाच नेमका अशा घरांतल्या खेळाडूंना होता. ब्रंडेज मात्र सरावापायी बुडालेल्या पगाराची भरपाई द्यायलाही तयार नव्हते.

१९७२ मध्ये ते पायउतार झाले. दोनच वर्षांत त्या भरपाईला मंजुरी मिळाली. थॉर्पची पदकं परत द्यायचा निर्णय १९८२ चा.