उभ्या गाडीचा तोल

भाच्याची गाडी सिग्नलला उभी राहिली की नाचायची. सोलापुरात सात रस्त्याला लाल दिवा लागला, की आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा घसरत सातशेच्या खाली जायचा, इंजिन आता बंद पडतंय असं वाटायला लागायचं, आणि तेवढ्यात तो उसळी मारून दीड हजारावर. पुन्हा खाली. पुन्हा वर. साधारण दर दोन सेकंदांनी एक हेलकावा. गाडी पुणे रस्त्याला लागून मोहोळच्या दिशेनं सुटली, की मात्र काही तक्रार नाही.

गाडी दहा-बारा वर्षांची, 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक. फिल्टरचा मूळ डबा काढून कोन फिल्टर बसवलेला, इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या कंपनीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी बाजारातला पाईपांचा जोड, म्हणजे हेडर, मागं फ्री-फ्लो सायलेन्सर. काटा नाचायला लागल्यावर प्लग बदलून झाले, कॉइल बदलून झाली, इंजेक्टर धुतले, पेडल दाबलं की इंजिनाला हवा सोडणारी झडप असते ती थ्रॉटल बॉडी साफ केली. फरक शून्य. "मामा, ईसीयूच गेलाय म्हणतेत," भाचा म्हणाला. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. चांगली चालणारी गाडी फक्त उभी असताना बिघडते, यात ईसीयूचा दोष असेल असं मला पटेना. मी भौतिकशास्त्र शिकवतो, गाड्या दुरुस्त करत नाही. पण आधी थोडा हिशेब करून पाहावा म्हटलं.

आपल्याला वाटतं, उभ्या गाडीचं इंजिन आराम करतंय. खरं तर त्याच्यासाठी सगळ्यात नाजूक वेळ तीच. 800 आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सुमारे 27 स्फोट होतात. अशा छोट्या इंजिनाला त्या वेळी सेकंदाला साधारण दोन ग्रॅम हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला 14.7 ग्रॅम हवा हवी, म्हणजे एका स्फोटाच्या वाट्याला येतं जेमतेम पाच मिलिग्रॅम पेट्रोल. एका थेंबाचाही तुकडा! त्यातून निघालेली सगळी ताकद इंजिनाचं स्वतःचं घर्षण, पंप आणि डायनॅमो खाऊन टाकतात. हातात काही उरत नाही. उत्पन्न आणि खर्च तंतोतंत जुळलेल्या घरात पाहुणा आला की जे होतं, तेच एसीचा कॉम्प्रेसर चालू झाल्यावर इंजिनाचं होतं.

अशा वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलमधून आलेली हवा सिलिंडरांना वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, जोरदार ओढ असते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे 96 किलोपास्कल. आत असतो 30 ते 40. इतका फरक असला की बारीक भोकातून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगानं आत घुसते. दोन मिलिमीटरचं भोक घ्या, उदबत्तीच्या काडीएवढं. त्यातून सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा जाते, म्हणजे इंजिनाच्या गरजेच्या पाव पट. भोक चार मिलिमीटरचं झालं तर दोन ग्रॅम, म्हणजे थ्रॉटलशिवायच इंजिनाचं पोट भरलं! आणि हायवेवर? तिथं इंजिन सेकंदाला पंधरा-वीस ग्रॅम हवा घेतं. त्यात अर्ध्या ग्रॅमची चोरी कुणाच्या लक्षात येणार? भाच्याची गाडी मोहोळकडे शहाण्यासारखी का पळायची, याचं उत्तर या आकड्यांत होतं.

पण हवा जास्त आली तर काटा वर जाऊन तिथंच थांबायला हवा. तो खाली का येतो?

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा माणूस जवळून पाहिला असेल, तर हे समजायला वेळ लागणार नाही. उंचच उंच काठी तो कमरेशी धरून उभी तोलतो. काठी कलली की तो तिच्याखाली सरकतो, पण किंचित, आणि वेळेवर. नवशिक्या असेल तर काठी बरीच कलल्यावर जागा होतो, मग घाबरून जास्त सरकतो, काठी उलट्या बाजूला जाते, आणि मग दुरुस्तीच काठीला हेलकावे द्यायला लागते. यात वाऱ्याचा दोष थोडा, उशिराचा जास्त. वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरना हाच रोग होता. 1868 साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं गणितानं दाखवून दिलं, की वेग आवरणारं यंत्र कुठल्या अटीत स्थिर राहतं आणि कुठल्या अटीत स्वतःच झोके घेऊ लागतं. आपल्या सोलापूरच्या जुन्या मिलचा, म्हणजे कापड गिरणीचा भोंगा वाजायला लागला तो त्यानंतरच्याच दशकात. इंजिनिअर या झोक्यांना हंटिंग म्हणतात, आणि आपल्याकडचे मेकॅनिकही म्हणतात, "गाडी हंटिंग मारतीय."

नंदीध्वजाची आणखी एक गंमत. काठी जितकी उंच, तितकी ती सावकाश कलते, आणि पेलणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. पेन्सिल बोटावर तोलून बघा, जमणार नाही. इंजिनात हा वेळ देतं जड फ्लायव्हील, इंजिनाबरोबर फिरणारं वजनदार चाक. भाच्याचा पुढचा बेत काय होता? फ्लायव्हील घासून हलकं करायचं, म्हणजे "पिकअप येतो". येतो, खोटं नाही. पण सिग्नलला उभं राहिल्यावर ईसीयूच्या हातात काठीऐवजी पेन्सिल येते.

हे सगळं डोक्यात घेऊन आम्ही अक्कलकोट रोडच्या एका जुन्या गॅरेजात गेलो. तिथल्या चाचांनी बॉनेट उघडायच्या आधी नुसतं ऐकलं. त्यांचं बालपण पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेलं. शंभर मागांत कुठला चुकतोय हे तिथली पोरंही सांगायची, असं ते म्हणतात. "मिसिंग नाय हे," ते म्हणाले. मी मनात हिशेब केला, आणि तो त्यांच्या कानाशी जुळला. एक सिलिंडर मेला तर 800 आरपीएमला सेकंदाला सहा-सात धक्के बसतात, गाडी थरथरते. प्लग-कॉइलचा रोग तो. इथं झोका दोन सेकंदांचा होता. इतका संथ झोका स्फोटातून येत नाही, सावरण्यातून येतो. प्लगवर घातलेले पैसे इथंच वाया गेले होते. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, बदललेल्या गाड्यांचा आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, आणखी वेगळा. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, जळका धूर परत आत येतो, आणि इंजिन लंगडत लंगडत चालतं. तो बिघाड नसतोच, आयडल थोडा वाढवून चालवून घ्यायचा असतो. ही गाडी त्यातली नव्हती.

मग ईसीयूतले आकडे दाखवणारा स्कॅनर लावला. ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते सांगणारे इंधन-दुरुस्तीचे आकडे बघण्यात तेव्हा अर्थ नव्हता, ते एका जागी ठरतच नव्हते. नजर गेली ती आयडल व्हॉल्व्हकडे. थ्रॉटल बंद असताना इंजिनाला मोजून हवा देणारी ही छोटी झडप. ईसीयूनं ती पूर्ण मिटून घेतली होती, आणि आरपीएम तरीही चढत होते. दोन्ही दारं बंद आणि घरात माणसं वाढतायत, म्हणजे तिसरं दार कुठंतरी उघडं आहे.

झोक्याचा उलगडाही इथंच झाला. चोरून आलेल्या हवेनं आरपीएम वर जातात. पाय पेडलवर नाही आणि आरपीएम दीड हजाराच्या आसपास, हे पाहून ईसीयूला वाटतं गाडी उतारावरून चाललीय. अशा वेळी तो पेट्रोल पूर्ण तोडतो, तशी त्याला शिकवणच असते. इंजिन पडायला लागतं. फार खाली आलं की तो दचकून पेट्रोल सोडतो. पुन्हा चढ. ईसीयू बिचारा ठणठणीत होता, नवशिक्यासारखा वागायची वेळ त्याच्यावर आणली होती.

इंटरनेटवर वाचून निदान करणारे इथं एका ठिकाणी हमखास फसतात, म्हणून थोडं थांबतो. काही गाड्यांत आत येणारी हवा दारातच मोजतात, मास एअरफ्लो सेन्सरनं. तिथं चोरीची हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि ईसीयूला पेट्रोल वाढवावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत मात्र मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डमधला दाब बघतो आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधतो. चोरून आलेली हवाही त्या दाबात धरली जाते, तिच्या हिशेबानं पेट्रोलही दिलं जातं, आणि मिश्रण पातळ होण्याऐवजी आयडल वर चढतो. एकाच भोकाची दोन गाड्यांत दोन वेगळी लक्षणं. परदेशी व्हिडिओतल्या गाडीचा सल्ला आपल्या गाडीला लावण्याआधी आपल्याकडे कुठला सेन्सर आहे ते बघावं.

चाचांनी मॅनिफोल्डला जोडलेले व्हॅक्यूमचे पाईप पक्कडीनं एकेक करून हलकेच दाबायला सुरुवात केली. ब्रेक बूस्टरचा दाबला, काही नाही. दुसरा, काही नाही. मग त्यांचं बोट मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला गेलं आणि काटा झपकन खाली येऊन आठशेवर ठरला. कोन फिल्टर बसवताना कुणीतरी एक पाईप काढून नळीच्या तोंडावर रबरी टोपी लावली होती. मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, बॉनेटखाली तर विचारायलाच नको. टोपी कडक होऊन तडकली होती. किंमत म्हणाल तर चहाच्या कपाएवढी.

टोपी बदलली, हंटिंग गेली. भाचा खूश. चाचा नव्हते. इंजिन अजून किंचित थरथरत होतं आणि सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येत होता. आता इंधन-दुरुस्तीचे आकडे एका जागी ठरले होते. आयडलला ईसीयू 16 टक्के जादा पेट्रोल देत होता, 2500 आरपीएमला फक्त 4. म्हणजे त्याच्या मते मिश्रण पातळ आहे. प्लग काढून पाहिले तर काळेकुट्ट, म्हणजे पेट्रोल जास्तच जातंय. दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि प्लगला खोटं बोलता येत नाही.

खोटं बोलत होता ऑक्सिजन सेन्सर, तोही नकळत. जळालेल्या वायूत ऑक्सिजन जास्त दिसला तर तो 0.1 व्होल्टच्या आसपास दाखवतो, नसला तर 0.9 च्या. हेडरच्या जोडात सेन्सरच्या आधी फट होती. आयडलला धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्यानं येतो. दोन ठोक्यांमध्ये पाईपमधला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तोच ऑक्सिजन दिसतो, तो म्हणतो "पातळ", आणि ईसीयू इमानानं पेट्रोल ओतत राहतो. वेग वाढला की धुराचा लोंढाच फटीतून बाहेर पडतो, हवेला आत यायला जागा राहत नाही. म्हणून 2500 ला आकडा शहाणा. थंड इंजिन चालू करून चाचांनी सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबलं, तशी हेडरच्या जोडाशी फुसफुस ऐकू आली. नवं गॅस्केट घातल्यावर 16 चे 3 झाले.

हेडरची एक तक्रार मात्र उरली आहे. मूळ सेन्सर इंजिनाला चिकटून होता. नव्या पाईपात त्याची जागा हातभर मागं गेली. एक तर धूर तिथं उशिरा पोचतो. दुसरं म्हणजे सेन्सरला काम करायला 300 अंशांच्या वरचं तापमान लागतं, आणि लांबच्या पाईपात तो उभ्या गाडीत गार पडायला लागतो. आसरा चौकात एसी लावून दोन मिनिटं थांबलं की काटा अजूनही पन्नासेक आरपीएमनं लवतो आणि सावरतो. सेन्सरसाठी इंजिनाच्या जवळ नवीन जागा वेल्ड करायला चाचांनी सांगितलंय. भाच्यानं फ्लायव्हीलचा बेत तूर्त गुंडाळला आहे. सायलेन्सरचं मात्र तो ऐकायला तयार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल मी त्याला दोनदा वाचून दाखवला. "बघू की मामा," म्हणाला, आणि होटगी रोडच्या पार टोकापर्यंत त्याचा आवाज मला ऐकू येत राहिला.