आयपीओ किती पट भरला?

आयपीओचा, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीचा, शेवटचा दिवस असला की मुंबईतल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकच प्रश्न असतो, "किती पट भरला?" म्हणजे विक्रीला ठेवलेल्या शेअर्सच्या किती पट मागणी आली? कंपनीवर कर्ज किती, नफा कुठून येतो, हे विचारणारा विरळाच. भरण्याचा आकडा शेअर बाजाराच्या वेबसाइटवर दिवसभर वाढताना दिसतो. तो फुगला की सकाळी "बघू" म्हणणारेही मोबाइलवरून अर्ज टाकून मोकळे होतात.

यांना हावरट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. 1992 साली बिखचंदानी, हर्शलायफर आणि वेल्च या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की शहाणी माणसंही अशी वाहवत जाऊ शकतात. समजा, दोघांनी आपापला अभ्यास करून अर्ज केला. तिसरीने माहितीपत्रक वाचलं आणि तिला भाव महाग वाटला. पण दोघांनी घेतलाय म्हणजे त्यांना काहीतरी ठाऊक असणार, असं समजून तिनेही अर्ज टाकला. चौथ्याला तिचा अर्ज दिसतो, तिची शंका दिसत नाही. त्याला वाटतं, तिघांचा अभ्यास एकाच बाजूला आहे. असे शंभर अर्ज जमले तरी त्यांच्यामागे माहिती दोघांचीच असते. गर्दी वाढते, ज्ञान तेवढंच राहतं.

या शहराने हे फार पूर्वी भोगलंय. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअर्समध्ये ओतला गेला, त्यात मुंबईच्या किनाऱ्यावरची बॅक बे ही खाडी बुजवायला निघालेली कंपनीही होती. युद्ध संपलं, भाव कोसळले. ज्यांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला ते बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदही त्यात पोळले.

जानेवारी 2008 मध्ये रिलायन्स पॉवरचा आयपीओ सुमारे 73 पट भरला. दर 450 रुपये होता, किरकोळ गुंतवणूकदारांना 20 रुपयांची सूट होती. 11 फेब्रुवारीला, शेअर बाजारात नोंदणी होऊन व्यवहार सुरू झाले त्या पहिल्याच दिवशी, शेअर 372 रुपयांच्या आसपास बंद झाला. मधल्या काळात जगभरचे बाजार पडले होते, हे खरं. पण 73 या आकड्यात त्याची चाहूल कुठेच नव्हती. माझं तर स्पष्ट मत आहे, की मुदत संपेपर्यंत हा आकडा कुणालाच दाखवू नये. मग प्रत्येकाला स्वतःच्या अभ्यासावरच ठरवावं लागेल.

शेअर पडल्यावर दुसरी खोड पुढे येते. "घेतलेल्या भावाला आला की विकतो," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आपण कितीला घेतला, याच्याशी कंपनीच्या भवितव्याचा काडीचाही संबंध नसतो. पण कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांनुसार नुकसानाचा सल तेवढ्याच फायद्याच्या आनंदाच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणून वाढलेला शेअर माणूस चटकन विकतो आणि पडलेला कवटाळून बसतो. टेरन्स ओडीन या अभ्यासकाने अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांची 10,000 खाती तपासली, त्याचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. लोकांनी विकून टाकलेल्या फायद्यातल्या शेअर्सनी पुढच्या वर्षभरात, जपून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअर्सपेक्षा सरासरी 3.4 टक्के जास्त परतावा दिला. ही खोड फक्त डिसेंबरात सुटलेली दिसली. तिथलं करवर्ष तेव्हा संपतं, आणि करात वजावट मिळणार म्हटल्यावर तोच तोटा विकायला हात धजावतो.