खकाणा आणि भाकरी : निपाणीत तंबाखूचा धोका कळूनही वळत का नाही?

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या, कर्नाटकातल्या निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत नवखा माणूस शिरला की चार पावलांत त्याला ठसका लागतो. गावच्या माणसाला लागत नाही. तंबाखू चाळताना जी बारीक, झणझणीत धूळ उडते तिला इकडं खकाणा म्हणतात. माझी आत्या वीसेक वर्षं वखारीत चाळणीवर होती. नाकातोंडाला पदर, डोळे कायम लाल. संध्याकाळी आली की आधी परसात लुगडं झटकायची, मगच चुलीपुढं बसायची. रात्री खोकल्याची उबळ आली की आजी कळवळायची, "सोड गं ते काम." आत्याचं उत्तर ठरलेलं असायचं : "खकाणा न्हाई त्यो आई, भाकरी हाय आपली."

तिला धोका ठाऊक नव्हता असं मला कधीच वाटलं नाही. ज्याच्या छातीत खकाणा जातो त्याला तो कुणी समजावून सांगावा लागत नाही. सरकारी धोरण मात्र आजवर बरंचसं याच समजुतीवर चाललं आहे, की लोकांना माहिती नाही, ती दिली की वागणं बदलेल. १९७५ च्या कायद्यानं सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणं सक्तीचं केलं. २००३ च्या कायद्यानं विडी, जर्दा, गुटखा सगळेच कक्षेत आले. ३१ मे २००९ पासून पाकिटांवर इशाऱ्याची चित्रं आली, एप्रिल २०१६ पासून ती पाकिटाच्या ८५ टक्के भागावर पसरली. हा ८५ टक्क्यांचा नियम कर्नाटक उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली.

कळणं आणि वळणं यांतल्या अंतराचा शास्त्रीय विचार त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलं, की आपलं ज्ञान आणि आपलं वागणं यांचा मेळ बसेना की मनाला टोचणी लागते. वागणं बदलणं जड असेल, तर माणूस विचाराला मुरड घालतो. त्यांनी उदाहरणही सिगारेट ओढणाऱ्याचंच घेतलं होतं. या सिद्धांताची ठिणगी पडली ती आपल्याकडच्या एका अभ्यासातून. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, हादरा बसला पण पडझड झाली नाही अशा भागात, याहून मोठं अरिष्ट येणार अशा अफवा पसरल्या. भारतीय मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्या गोळा केल्या होत्या. घाबरलेल्या मनानं आपल्या भीतीला साजेसं कारण शोधलं, असा फेस्टिंगर यांनी त्यातून अर्थ काढला. आत्याच्या बाबतीत मला हीच गोष्ट उलट्या अंगानं दिसते. काम सुटणार नव्हतं, म्हणून भीतीलाच भाकरी म्हणायचं.

दुसरा धागा १९६९ चा. अमेरिकी अभियंते चॉन्सी स्टार यांनी दाखवलं, की स्वखुशीनं पत्करलेला धोका माणसं सहज सोसतात, लादलेला मात्र त्याच्या कैक पटीनं लहान असला तरी खपवून घेत नाहीत. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये यात भर घातली : सवयीचा धोका लहान वाटतो, अनोळखी धोका मोठा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात हे रोज दिसतं. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं सांडपाणी शहापूर-वडगावच्या भातात शिरलं की शेतकरी रस्त्यावर येतो, आणि यायलाच हवा. ती घाण दुसऱ्यानं, न विचारता त्याच्या शिवारात सोडलेली असते. खकाणा मात्र घरचा. पण वखारीतल्या बाईनं तो ‘स्वखुशीनं’ पत्करला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दुसरं काम समोर असतं तर ती निवड म्हणता आली असती.

निपाणीचं १९८१ चं तंबाखू आंदोलन आठवा. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं गेली. मागणी रास्त भावाची होती. त्याच सुमारास तंबाखू आणि विडी कामगार बायका मजुरीसाठी संघटित होत होत्या. छातीचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला नाही, कारण पोटाचाच सुटला नव्हता.

सीमेनं यात आणखी गुंता केला. महाराष्ट्रानं जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला, कर्नाटकानं ३१ मे २०१३ ला. मधले दहा महिने सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे जी पुडी राजरोस मिळे, ती पलीकडे महाराष्ट्रातल्या कागलात गुन्हा. एकच वस्तू एका बाजूला विष आणि दुसऱ्या बाजूला माल ठरते, तेव्हा लोक इशारा वाचतात पण मनावर घेत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

तंबाखूवरच्या जागतिक कराराला भारतानं २००४ मध्ये मान्यता दिली. त्याच्या सतराव्या कलमात तंबाखू कामगार आणि शेतकऱ्यांना परवडणारा पर्यायी रोजगार देण्याची गोष्ट आहे. इकडं विडी कामगारांचे दवाखाने आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या १९७६ च्या कायद्यानं विडीवरच लावलेल्या उपकरातून चालत. म्हणजे जितक्या विड्या, तितका निधी. आमच्या शेजारच्या काकू दिवसभर सुपात पानं घेऊन विड्या वळायच्या, आणि त्यांच्या मुलीच्या वह्यापुस्तकांचे पैसे त्याच निधीतून यायचे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. काकूंचं सूप मात्र तेव्हाही मांडीवरच होतं.